'आमच्या शाळेत असं काही होत नाही'

पालकसभेत मुख्याध्यापकांच्या तोंडून हे वाक्य ऐकलं की बहुतेक पालकांना हायसं वाटतं. मला मात्र धास्ती वाटते. काही शे मुलं रोज सहा-सात तास एका छताखाली असतात. त्यांच्यातलं कोणीच कधी कोणाला छळत नाही, हे काही पटण्यासारखं नाही. 'होत नाही' याचा खरा अर्थ बहुतेक वेळा 'आमच्यापर्यंत येत नाही' एवढाच असतो.

युनेस्कोने 2019 साली अनेक देशांतली माहिती एकत्र केली, तेव्हा जवळपास तीनांतल्या एका विद्यार्थ्याने गेल्या महिनाभरात निदान एकदा तरी शाळेत छळ झाल्याचं सांगितलं होतं. आता जपानचं पाहा. तिथे 2013 साली शाळेतल्या छळाला आळा घालण्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. तिथल्या शिक्षण मंत्रालयाची भूमिका मोठी विचार करण्यासारखी आहे. एखाद्या शाळेने जास्त प्रकरणं नोंदवली म्हणून ती शाळा वाईट ठरत नाही, उलट तिचं मुलांकडे लक्ष आहे असं मानलं जातं. ज्या शाळेचा आकडा शून्य, तिने तो पालकांसमोर ठेवावा आणि काही निसटलं तर नाही ना, हे पुन्हा तपासावं, अशी अपेक्षा असते. 2023 च्या शैक्षणिक वर्षात तिथे 7 लाख 32 हजारांहून जास्त प्रकरणं नोंदली गेली. आकडा वाचून आपल्याला धक्का बसतो, पण यातली बरीचशी प्रकरणं पूर्वी नोंदलीच जात नसत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या बाबतीत ती मूठ झाकलेली राहण्याची किंमत मुलं मोजतात.

म्हणून शाळेचं सुरक्षा धोरण जोखायची माझी पद्धत साधी आहे. फाइल किती जाड, सूचनाफलक किती रंगीत, हे मी बघत नाही. एखादं मूल घाबरत घाबरत एक वाक्य बोललं, तर ते वाक्य पुढे कोणाकडे जातं, किती दिवसांत जातं आणि त्याचं काय होतं, एवढंच बघायचं. धोरण म्हणजे त्या वाक्यासाठी आधीच आखून ठेवलेली वाट.

भांडण कोणतं आणि छळ कोणता

पहिली अडचण शब्दाची आहे. 'चिडवाचिडवी', 'मस्ती', 'दादागिरी', 'रॅगिंग', 'बुलिंग' हे सगळं आपण एकाच टोपलीत टाकतो. मग एक शिक्षक क्षुल्लक कारणावरून मुलांना मुख्याध्यापकांपुढे उभं करतात आणि दुसरे शिक्षक महिनोन्‌महिने चाललेल्या छळाला 'मुलं आहेत, चालायचंच' म्हणून सोडून देतात.

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास सुरू करण्याचं मोठं श्रेय डॅन ओल्व्हेउस या मानसशास्त्रज्ञाला जातं. ते मूळचे स्वीडनचे, काम मात्र बरंचसं नॉर्वेत केलं. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही बहुतेक धोरणांत सापडतात. एक, वागणं मुद्दाम त्रास देण्यासाठी असतं. दोन, ते पुन्हा पुन्हा होतं. तीन, दोन बाजूंच्या ताकदीत फरक असतो, म्हणजे त्रास सोसणाऱ्याला स्वतःचा बचाव करणं अवघड जातं.

या तीनपैकी तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची आणि ओळखायला सर्वांत कठीण. ताकद म्हणजे नुसते दंड नव्हेत. मित्रांचं टोळकं, वर्गातला मान, वय, भाषा, पैसा, कोणाचं गुपित हातात असणं, ही सगळी ताकदच. हडकुळा मुलगा धिप्पाड मुलाचा छळ करू शकतो, कारण वर्ग त्या हडकुळ्याच्या विनोदावर हसतो. बरोबरीच्या दोघी कडकडून भांडल्या, बोलणं बंद झालं, तर ते भांडण. पण एकीने बाकी वर्गाला हाताशी धरून दुसरीशी कोणी बोलायचं नाही असं ठरवलं, ती येताच सगळ्या उठून जाऊ लागल्या, तर कोणी कोणाला बोटही लावलेलं नसताना तो छळ असतो. वाळीत टाकणं म्हणतात ते हेच. त्याचा वळ उठत नाही, त्यामुळे ते शिक्षकांच्या नजरेत सर्वांत उशिरा येतं.

हा फरक उपायासाठी लागतो. भांडणात दोघांनाही समोरासमोर बसवलं, दोघांचं ऐकलं, हात मिळवायला लावले की बऱ्याचदा भागतं. छळात हेच केलं तर अनर्थ होतो. जो घाबरला आहे त्याला ज्याची भीती वाटते त्याच्यासमोरच 'काय झालं ते सांग' म्हटलं, तर तो सांगणार काय? 'काही नाही सर, मस्ती चालली होती' असं तो म्हणतो, दोघं हात मिळवतात, आणि शाळा सुटल्यावर दुप्पट वसुली होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. समवयस्क मुलांकडून मध्यस्थी करवून घेण्याचा प्रकारही याच कारणाने इथे नको. मध्यस्थी बरोबरीच्यांत होते.

इंटरनेटवर 'पुन्हा पुन्हा' ही खूण थोडी वेगळी वाचावी लागते. एकाने एकदाच एक फोटो टाकला, तरी शंभर जणांनी तो पुढे पाठवला की त्या मुलीसाठी तो शंभर वेळा घडतो. त्यामुळे 'एकदाच तर केलं' ही सबब तिथे चालत नाही. तसंच 'हे शाळेच्या वेळेबाहेर, घरच्या फोनवरून झालं, आमचा संबंध नाही' हे म्हणणंही. रात्री ग्रुपवर जे झालं ते सकाळी वर्गात येऊन बसतंच. चांगलं धोरण स्पष्ट लिहितं की घटना कुठेही घडो, तिच्यामुळे मुलाचं शाळेत येणं, बसणं, शिकणं अवघड झालं असेल तर शाळा लक्ष घालणार. पुरावा म्हणून स्क्रीनशॉट ठेवायचे. पण फोटो आक्षेपार्ह असेल तर तो 'पुरावा' म्हणून कोणीही, अगदी शिक्षकांनीही, पुढे पाठवायचा नाही. कळवळ्यापोटी केलेली ही चूक फार महागात पडते.

नॉर्वेतली तीन मुलं

शाळांनी असं धोरण बाळगावं ही कल्पना फार जुनी नाही. 1982 च्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागात 10 ते 14 वयाच्या तीन मुलांनी आपलं आयुष्य संपवलं. सोबत्यांकडून झालेला तीव्र छळ हे त्यामागचं कारण असावं, असं समोर आलं. देश हादरला आणि 1983 मध्ये सरकारने शाळांमधल्या छळाविरुद्ध देशव्यापी मोहीम काढली. तिच्यासोबत ओल्व्हेउस यांनी बर्गन शहरातल्या 42 शाळांमध्ये सुमारे 2500 मुलांचा दोन-अडीच वर्षं अभ्यास केला. छळाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं.

त्यांनी केलं काय? जादू काही नाही. आधी मुलांकडून नाव न लिहिता प्रश्नावली भरून घेतली, म्हणजे शाळेला स्वतःचा चेहरा आरशात दिसला. मधल्या सुट्टीत मैदानावर मोठ्यांची देखरेख वाढवली. वर्गात मोजकेच नियम, पण सगळ्यांना पाठ. दर आठवड्याला वर्गात मोकळी चर्चा. आणि छळ करणारा, सोसणारा, दोघांचेही पालक, सगळ्यांशी गंभीरपणे पण आरडाओरडा न करता बोलणं.

पुढे हाच धडा इतर देशांनी गिरवला, तेव्हा परिणाम इतका मोठा दिसला नाही, हेही सांगायला हवं. 2019 साली शंभरच्या आसपास कार्यक्रमांच्या मूल्यमापनाचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यानुसार छळ करण्याचं प्रमाण साधारण 19 ते 20 टक्क्यांनी आणि छळ सोसण्याचं 15 ते 16 टक्क्यांनी घटतं. एका भाषणाने शाळा बदलून दाखवण्याचं आश्वासन देणाऱ्या पाहुण्या वक्त्यांना हा आकडा ऐकवावा. पण पाचशे-हजार मुलांच्या शाळेत पंधरा टक्के म्हणजे प्रत्यक्ष किती मुलांची सकाळ सुसह्य झाली, हेही मनात धरावं.

बघणारे

छळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोनच मुलं येतात. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिव्हाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये चित्र मोठं केलं. छळ करणारा आणि सोसणारा यांच्याखेरीज छळणाऱ्याला साथ देणारे असतात, हसून चेव चढवणारे असतात, लांबून बघून निघून जाणारे असतात, आणि मोजकेच का होईना, मध्ये पडणारे असतात. म्हणजे हा तमाशा आहे, आणि तमाशाला प्रेक्षक लागतात. टाळ्या थांबल्या की फड उठतो.

कॅनडात संशोधकांनी शाळेच्या मैदानावरचं चित्रीकरण बारकाईने पाहिलं. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं, की छळाच्या 88 टक्के प्रसंगांत दुसरी मुलं हजर होती, पण मध्ये पडली ती फक्त 19 टक्के प्रसंगांत. मात्र जेव्हा ती मध्ये पडली, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, 57 टक्के, दहा सेकंदांच्या आत छळ थांबला. दहा सेकंद! शिक्षकांना तिथवर धावत जायलाही याहून जास्त वेळ लागतो.

पण यावरून 'मुलांनो, धीट व्हा, मध्ये पडा' असा फलक लावून मोकळं होणं म्हणजे जबाबदारी मुलांच्या गळ्यात बांधणं. मुलं मूग गिळून बसतात ती निर्दय असतात म्हणून नव्हे. उद्या आपला नंबर लागेल हे त्यांना ठाऊक असतं म्हणून. त्यामुळे त्यांना लहान, झेपतील अशा गोष्टी शिकवाव्या लागतात. हसायचं नाही. व्हिडिओ काढायचा नाही. त्रास होणाऱ्याला 'चल, तुला बाईंनी बोलावलंय' म्हणत तिथून बाजूला न्यायचं. नंतर त्याच्याशेजारी जाऊन बसायचं. आणि मोठ्यांना सांगायचं. या शेवटच्या गोष्टीत 'चहाडी' हा शब्द आडवा येतो. वर्गात फरक एकदा उघड बोलून घ्यावा: कोणाला अडचणीत आणायला सांगतो ती चहाडी, कोणाला अडचणीतून सोडवायला सांगतो ती मदत. सात वर्षांच्या मुलालाही हे कळतं. कळत नाही ते 'मला नावं सांगत येऊ नका' म्हणणाऱ्या मोठ्यांना.

फिनलंडमध्ये याच संशोधनावर तुर्कू विद्यापीठात 'किवा' नावाचा कार्यक्रम उभा राहिला आणि 2009 पासून देशभरच्या शाळांत गेला. फिनिश भाषेत 'किवा' म्हणजे छान, आणि 'छळाविरुद्ध' या अर्थाच्या फिनिश शब्दांच्या आद्याक्षरांवरूनही तेच नाव होतं. त्यात प्रकरण हाती आलं की शाळेतल्या ठरलेल्या शिक्षकांचा गट संबंधित मुलांशी वेगवेगळं बोलतो. शिवाय वर्गशिक्षक वर्गातल्या समजूतदार आणि ज्यांचा वर्गात शब्द चालतो अशा काही मुलांना त्रास झालेल्या मुलाची सोबत करायला सांगतात. काही दिवसांनी तोच गट पुन्हा सगळ्यांना भेटून खरंच थांबलं का ते पाहतो.

ते एक वाक्य

आता मूळ मुद्द्याकडे. मूल कधीच 'माझा छळ होतोय' असं म्हणत नाही. ते म्हणतं, 'बाई, मी दुसऱ्या बाकावर बसू?' किंवा 'पोट दुखतंय, घरी जाऊ?' रोज एखादी वस्तू हरवते, मधल्या सुट्टीत ग्रंथालयात जाऊन बसतं, सहलीला नको म्हणतं. धोरणाचं पहिलं काम म्हणजे वर्गशिक्षकांपासून शिपायापर्यंत आणि बसमधल्या मदतनिसांपर्यंत सगळ्यांना ही भाषा वाचायला शिकवणं. शिपाई आणि बसवाले मुद्दाम लिहितोय, कारण प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचं नाव बहुधा नसतं आणि दिसतं सर्वांत जास्त त्यांनाच. छळ वर्गात फळ्यासमोर होत नाही. तो जिन्यात, स्वच्छतागृहाजवळ, बसच्या मागच्या सीटवर, कपडे बदलायच्या खोलीत होतो. मुलांना शाळेचा कोरा नकाशा देऊन 'जिथे जायला नको वाटतं तिथे फुली मारा' सांगितलं, तर एका तासात शाळेला जे कळतं ते वर्षभराच्या बैठकांत कळत नाही. देखरेखीच्या पाळ्या मग त्या फुल्यांप्रमाणे लावायच्या.

मूल बोललंच, तर पुढची पाच मिनिटं फार मोलाची. 'तू काय केलंस म्हणून त्याने मारलं?' हा प्रश्न तोंडातून गेला की दार बंद झालं. 'दुर्लक्ष कर' हा सल्लाही तसाच. त्याने आधीच दोन महिने दुर्लक्ष करून पाहिलेलं असतं. ऐकून घ्यायचं, 'सांगितलंस ते बरं केलंस' म्हणायचं, आणि 'मी कोणालाच सांगणार नाही' असं वचन मात्र द्यायचं नाही. ते पाळता येत नसतं. 'ज्यांना सांगणं गरजेचं आहे त्यांनाच सांगेन, आणि सांगण्याआधी तुला सांगेन', हे वचन खरं आहे आणि मुलाला पुरतं.

मग लिहून ठेवायचं, त्याच दिवशी, मुलाच्याच शब्दांत. नोंद नसेल तर प्रत्येक घटना 'पहिलीच' ठरते. सहा शिक्षकांना सहा वेगवेगळे किरकोळ प्रसंग माहीत असतात आणि ते एका वहीत नसल्याने कोणालाच साखळी दिसत नाही. त्यानंतर मुलांशी वेगवेगळं बोलणं, दोन्हीकडच्या पालकांना कळवणं, आणि कोणाला हलवायचं हे ठरवणं. इथे शाळा हमखास घसरतात. सोय म्हणून त्रास झालेल्या मुलाचीच तुकडी बदलतात, त्यालाच 'सध्या मैदानावर जाऊ नकोस' सांगतात. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. बदल करायचाच असेल तर तो छळणाऱ्याच्या दिनक्रमात व्हावा.

छळणाऱ्याचं पुढे काय? 'एक चूक, थेट शाळेबाहेर' अशा कडक धोरणाचं पालकांना आकर्षण असतं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने नेमलेल्या गटाने 2008 मध्ये अशा धोरणांचा अभ्यास मांडला. अशा धोरणांमुळे शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा सापडला नाही. काढून टाकलेल्या मुलांचं वागणं पुढे बिघडण्याचीच शक्यता जास्त दिसली. शिवाय शिक्षा जबर असली की सोबती नाव सांगत नाहीत आणि शिक्षकही नोंद करायला कचरतात. म्हणजे कडक नियमामुळेच आकडा शून्यावर येतो. परिणाम ठरलेला आणि न चुकणारा असावा, अघोरी असण्याची गरज नाही. आणि बऱ्याच छळणाऱ्या मुलांना कुठेतरी, कधी घरी, कधी दुसऱ्या टोळक्याकडून, स्वतःलाही सोसावं लागत असतं. ती सबब नाही, पण तपासाची एक दिशा आहे.

त्रास देणारा मोठा माणूस असेल तर

इथे सगळे नियम बदलतात. मुलाने एखाद्या मोठ्या व्यक्तीकडून झालेल्या मारहाणीबद्दल, नको त्या स्पर्शाबद्दल किंवा घरातल्या उपेक्षेबद्दल सांगितलं, तर शाळेने स्वतः तपास करायचा नाही. शिक्षक पोलीस नव्हेत. 'त्याने तुला इथे हात लावला का?' असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारल्याने पुढचा खरा तपास कच्चा पडतो. ऐकायचं, लिहायचं, आणि त्या देशाच्या कायद्याने नेमलेल्या यंत्रणेला लगेच कळवायचं. ज्या माणसावर आरोप आहे त्याला आधी 'विचारून घेणं' ही घोडचूक.

यासाठी शाळेत बालसुरक्षेची जबाबदारी असलेली एक ठरावीक व्यक्ती हवी, तिच्या गैरहजेरीत दुसरी, आणि तक्रार त्या व्यक्तीविरुद्धच किंवा मुख्याध्यापकांविरुद्ध असेल तर शाळेबाहेरचा थेट रस्ता. हे शेवटचं कलम बहुतेक धोरणांत नसतं. ते आहे का, एवढं बघितलं तरी धोरण कोणी मनापासून लिहिलं आणि कोणी कुठून उतरवून घेतलं हे कळतं. बाकी गोष्टी रोजच्या आहेत: नेमणुकीआधी पूर्वीच्या ठिकाणी चौकशी, एकट्या मुलाशी बोलताना दार उघडं किंवा काच असलेलं, शिक्षकांनी मुलांशी खासगी खात्यावरून गप्पा न मारणं, मुलाला कोण घरी नेऊ शकतं याची यादी.

पालकांनी विचारायचे प्रश्न

प्रवेशाच्या वेळी 'तुमच्याकडे बुलिंग होतं का?' हे विचारू नका. उत्तर या लेखाच्या शीर्षकात आहे. 'गेल्या वर्षी किती नोंदी झाल्या आणि त्यानंतर तुम्ही काय बदललं?' हे विचारा. मग शाळेतल्याच एखाद्या दहा वर्षांच्या मुलाला विचारा, 'तुला कोणी त्रास दिला तर कोणाला सांगशील?' त्याने लगेच एखादं नाव घेतलं, तर त्या शाळेत धोरण आहे. तो आईकडे बघू लागला, तर ते कपाटात आहे.

आणि प्रकरण होऊन गेल्यावर शाळा पाठपुरावा कसा करते तेही पाहा. दोन आठवड्यांनी वऱ्हांड्यात गाठून 'काय रे, आता सगळं ठीक ना?' विचारलं, तर कोणतंही मूल 'हो' म्हणेल. ज्यांना हे काम कळतं ते शिक्षक विचारतात, 'काल मधल्या सुट्टीत कोणाबरोबर होतास?'